गायतोंडे ‘भारताचे रोथको’ नव्हेत

वासुदेव संतू गायतोंडे यांच्याविषयी काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात मार्क रोथको भेटतोच. लिलावाच्या कॅटलॉगात भेटतो, ‘चित्र इतक्या कोटींना गेलं’ अशा बातमीत भेटतो, आणि हल्ली घरं सजवणाऱ्यांच्या बोलण्यातही भेटतो. मुळशी तालुक्यात आमच्या चांदे-नांदे पट्ट्यात हिंजवडीच्या नोकरदारांसाठी इमारतींमागून इमारती उठताहेत. तिथल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर धूसर रंगांचे दोन-तीन पट्टे छापलेला कॅनव्हास बहुधा असतोच. हे काय म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं: रोथको स्टाइल, आपल्या गायतोंडेंसारखं. एका अमेरिकन आणि एका भारतीय चित्रकाराचा निकाल एका दमात लागतो.

ही उपमा चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. ती गायतोंडे यांचा अपमान करते वगैरे भावनिक तक्रार मला करायची नाही; रोथकोशी नाव जोडलं गेल्याने कुणाचा अपमान होत नाही. तक्रार अशी, की उपलब्ध तारखा, साहित्य आणि कागदपत्रं या उपमेला साथ देत नाहीत. उपमा चालते ती या तिन्हींकडे न पाहण्याच्या सवयीवर.

खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदी पोकळ नाही. 1964 साली गायतोंडे जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या फंडाची फेलोशिप घेऊन न्यूयॉर्कला गेले. चेल्सी हॉटेलच्या गच्चीवर उभे असलेले गायतोंडे, असा 1965 सालचा त्यांचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. त्या वेळचं न्यूयॉर्क रोथको, बार्नेट न्यूमन आणि डी कूनिंग यांचं होतं. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने, म्हणजे सगळे ज्याला ‘मोमा’ म्हणतात त्या संस्थेने, 1961 साली रोथकोच्या चित्रांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलेलं होतं. गायतोंडे परतले आणि त्यांच्या चित्रांतला रंग अधिक एकजीव, प्रकाश अधिक आतून येणारा झाला. साठचं दशक सरताना आडवे कॅनव्हास मागे पडून उभे आले. दोघेही आपल्या चित्रांचा अर्थ सांगायला नाखूश. दोघांच्याही चित्रांपुढे प्रेक्षक आवाज खाली आणतात. तेव्हा गेले, पाहिलं, आणि तसं केलं, हा निष्कर्ष काढणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही. घाई केली एवढंच म्हणता येतं.

आता तारखा. गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावच्या चाळीत. 1948 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी पदविका घेतली. 1950च्या सुमारास प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने त्यांना आपल्यात घेतलं. सुरुवातीच्या कामावर लघुचित्रांची छाप आहे: सपाट रंगांची क्षेत्रं, ठसठशीत बाह्यरेषा, बसोहली शैलीतला तो धीट पिवळा. मग पॉल क्ले आला. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या आकृती विरघळू लागतात, चिन्हं होतात, आणि दशक संपेपर्यंत चिन्हंही रंगाच्या थरात बुडू लागतात. 1957 साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे एका खोलीत रविशंकरांची सतार आणि दुसरीत अल्काझींची नाटकाची तालीम चाले, तिथे त्यांचा स्टुडिओ होता. ज्या रंगलेपांना आज आपण ‘गायतोंडे’ म्हणून ओळखतो, ते तिथेच घडत होते.

‘पेंटिंग, 4’ हे 1962 सालचं त्यांचं तैलचित्र मोमाच्या संग्रहात 1963 साली गेलं. संग्रहालयाच्या नोंदीत चित्राचं साल आहे, माध्यम आहे, माप आहे. ती नोंद सर्वांसाठी खुली आहे; त्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागत नाही, चांद्यातल्या टपरीवर चहा पिता पिता फोनवर उघडते. अमेरिकेत जाऊन अमेरिकन झाले असं ज्यांच्याविषयी सांगतात, त्यांचं चित्र त्यांच्याआधीच अमेरिकेतल्या संग्रहालयात पोचलेलं होतं. आणि ज्या बाजाराने ‘भारताचे रोथको’ ही चिठ्ठी सर्वांत जोरात चिकटवली, त्याच बाजारात मार्च 2021 मध्ये त्यांचं एक चित्र 39.98 कोटी रुपयांना गेलं. ते चित्र 1961 सालचं आहे. विमानात बसण्याच्या तीन वर्षं आधीचं.

मॉरिस ग्रेव्हज याची साक्ष मला याहूनही महत्त्वाची वाटते. हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा चित्रकार, पक्षी आणि पाण्याचे कोमल आकार रंगवणारा, तरुणपणी जहाजावर नोकरी करत जपान पाहून आलेला. 1963 साली तो मुंबईत गायतोंडे यांच्या स्टुडिओत आला. न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीच्या चालकांना त्याने पत्र लिहिलं, की आपण पाहिलेल्या अत्युत्तम चित्रकारांपैकी हा एक आहे, अजून जवळजवळ कुणाला माहीत नाही, पण रोथकोच्या सर्वोत्तम कामाच्या तोडीचा आहे. ही उपमा लिखित रूपात जिथे सर्वांत आधी भेटते ती जागा बहुधा हीच. पत्राचं साल 1963 आहे आणि त्याचा सूर बरोबरीचा आहे. ग्रेव्हजने ‘रोथकोसारखा’ असं म्हटलं नाही, ‘रोथकोइतका’ असं म्हटलं. पुढे पन्नास वर्षांत बाजाराने ‘इतका’चा ‘सारखा’ केला आणि ‘सारखा’चा ‘मुळे’ केला. दर्जाचं विधान उगमाचं विधान कसं बनतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

इथे चांगला प्रतिपक्षी थांबणार नाही. तो म्हणेल, प्रत्यक्ष जायची गरजच काय? साठच्या मुंबईत अमेरिकन मासिकं यायची, संग्रहालयांचे कॅटलॉग हातोहात फिरायचे, परदेशी जाऊन आलेले मित्र पुस्तकं घेऊन यायचे. 1961 साली रोथकोची चित्रं छापील रूपात गायतोंडे यांच्या डोळ्यांखालून गेली नसतील कशावरून? हा आक्षेप रास्त आहे. मी तो मान्य करून पुढे जातो, कारण माझी बाजू त्याने पक्की होते.

छापील चित्रातून काय घेता येतं? रचना घेता येते. रोथकोची रचना तर एखाद्या झेंड्याइतकी लक्षात राहणारी आहे. 1949-50 पासून त्याने एका उभ्या क्षेत्रात दोन-तीन आयत एकावर एक ठेवले, कडा पुसट केल्या, आणि अखेरपर्यंत तो याच मांडणीशी झुंजत राहिला. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या छापातही ती ओळखू येते. पण नेमकी हीच रचना गायतोंडे यांच्याकडे नाही. त्यांच्या कॅनव्हासवर आयतांची उतरंड दिसत नाही. तिथे एक सलग, ओलसर वाटणारं क्षेत्र असतं, आणि त्यात विखुरलेल्या, अर्ध्या बुडालेल्या खुणा: कधी लिपीसारख्या, कधी क्षितिजासारख्या, कधी नुसता खरवडल्याचा माग. छापील चित्रातून जे कधीच घेता येत नाही ते म्हणजे पृष्ठभाग. रंगाच्या आतून येणारा उजेड, थराखालचा थर, पारदर्शकतेचा नेमका अंश, हे सगळं छापखान्याच्या शाईत मरतं. आणि दोघांत जे साम्य लोकांना जाणवतं ते नेमकं या उजेडाचं आहे. थोडक्यात, पुस्तकातून जे उचलणं शक्य होतं ते गायतोंडे यांनी उचलल्याचं दिसत नाही, आणि जे सारखं दिसतं ते पुस्तकातून येऊ शकत नाही. उजेडापर्यंत ते स्वतःच्या वाटेने पोचले होते, म्हणूनच ग्रेव्हजला मुंबईत तो दिसला.

ही वाट कोणती, हे साहित्याकडे पाहिलं की कळतं. आपल्याकडे चित्राविषयी लिहिणाऱ्यांना भाव, अनुभूती, अंतर्मुखता यांची भाषा सरावाची; रंग कशाने लावला हा प्रश्न मात्र गवंड्याला विचारायचा प्रश्न वाटतो. अमेरिकेतल्या संग्रहालयांनी तो प्रश्न फार गंभीरपणे घेतला आहे. रोथकोने हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहासाठी केलेली भित्तिचित्रं 1964 साली लागली, आणि काही वर्षांतच त्यांतला किरमिजी रंग उडून गेला. शोध घेतल्यावर लिथॉल रेड नावाचं रंगद्रव्य सापडलं. ते उन्हात टिकत नाही. 1979 पर्यंत चित्रं उतरवली गेली होती. 2014 साली हार्वर्डने ती पुन्हा मांडली, तेव्हा कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरने हरवलेला रंग प्रकाशरूपाने त्यावर टाकला. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या सीग्राम भित्तिचित्रांचे थर तपासले गेले, तेव्हा त्यांत नेहमीच्या तैलरंगाबरोबर अंडं आणि कृत्रिम राळ निघाली. रोथको रंग इतका पातळ करायचा की तो कॅनव्हासमध्ये मुरायचा. मग ब्रशच्या झपाट्यांनी एकावर एक पातळ हात. त्याचा उजेड हा मुरलेल्या रंगाचा उजेड आहे, कापडाला रंग चढतो तसा.

गायतोंडे यांची रीत उलटी. रंगाचे थर रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवायचे, मग काढायचे. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून, दाबून, रंग उचलून घ्यायचा. खरवडायचं, पुन्हा चढवायचं, सुकू द्यायचं, वाट पाहायची. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास होत, कधी त्याहून कमी. यात आळस शोधणाऱ्यांनी ही सुकण्याची वेळ हिशेबात धरलेली नाही. रोथकोमध्ये हाताची हालचाल दिसते, ब्रश कुठून कुठे गेला हे कळतं. गायतोंडे यांच्यात हात लपतो. रोलर हे मुळात छापणाऱ्यांचं, शाई लावणाऱ्यांचं हत्यार, त्याला मनगटाचं वळण नसतं. काढून घेण्यातून उजेड येतो ही युक्ती लाकडी ठशाच्या आणि एचिंगच्या चित्रकाराला परिचयाची आहे, आणि क्लेला ती फार प्रिय होती. क्ले हा ओल्या रंगाचा कागद दुसऱ्या कागदावर दाबून रेघ उतरवायचा. इथे बाप शोधायचाच तर क्लेच्या बर्नजवळ शोधा, मॅनहॅटनमध्ये कशाला?

आकाराचंही पाहा. रोथकोच्या प्रौढ चित्रांची उंची दोन मीटरच्या पुढे सहज जाते. प्रेक्षकाने अगदी जवळ उभं राहावं आणि चित्राने त्याला गिळावं असा त्याचा हेतू होता. मोठी चित्रं मी जवळिकीसाठी करतो असं त्याचं सांगणं असे. शोकांत भाव, आनंदातिरेक, विनाश या मूळ मानवी भावनांशीच आपलं नातं आहे, केवळ रंगांच्या संबंधांशी नाही, हे त्याने 1950च्या दशकात ठासून सांगितलं. त्याचा जन्म 1903 सालचा, झारच्या साम्राज्यातल्या द्विन्स्क गावचा, आजच्या लाटव्हियातला. दहा वर्षांचा असताना तो पोर्टलंडला आला आणि पुढे मार्कुस रोथकोविट्झचा मार्क रोथको झाला. ज्यू स्थलांतरिताचं दुःख, ग्रीक शोकांतिका आणि नीत्शे यांचं त्याच्या मनावर ओझं होतं. 1970च्या फेब्रुवारीत त्याने स्वतःच्या स्टुडिओत जीवन संपवलं. ह्यूस्टनमधलं रोथको चॅपल, चौदा काळपट चित्रांचं ते प्रार्थनास्थळ, उघडलेलं पाहायला तो राहिला नाही.

गायतोंडे यांचे कॅनव्हास बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपासचे किंवा लहान. ते अंगावर येत नाहीत, समोर राहतात. आणि शोकांतिका? 1991 साली प्रीतीश नंदी यांनी इलस्ट्रेटेड वीकलीसाठी घेतलेल्या मुलाखतीत गायतोंडे सतत एकाच गोष्टीकडे परततात: मौन. संदेश नको, गोष्ट नको, भावनेचा उद्रेक नको. रोथकोला प्रेक्षकाचे अश्रू हवे होते. चित्रापुढे रडणाऱ्या माणसाला आपल्याइतकाच धार्मिक अनुभव येतो असं तो मानायचा. गायतोंडे यांना कुणी रडलेलं आवडलं असतं असं मला वाटत नाही, ते उठून बाहेर गेले असते.

प्रभाव ही गोष्टच मी नाकारतो आहे, असा कुणी समज करून घेऊ नये. अमेरिकन चित्रकलेचा थेट परिणाम मुंबईच्या चित्रकारांवर झाला आहे, आणि जिथे झाला तिथे त्यांनी स्वतः कबूल केला आहे. तय्यब मेहता 1968 साली याच रॉकफेलर फंडावर न्यूयॉर्कला गेले, बार्नेट न्यूमनच्या चित्रापुढे थबकले, आणि परतल्यावर 1969 पासून त्यांच्या कॅनव्हासचे कर्णरेषेने दोन तुकडे झाले. ‘डायगोनल’ मालिकेचं हे ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. सय्यद हैदर रझा, नागपूर आणि जे. जे.मध्ये शिकलेले, 1962 साली बर्कलीला शिकवायला गेले. रोथकोने आपल्याला वेगळी दारं उघडून दिली असं ते मोकळेपणी सांगत. म्हणजे रोथकोचं नाव ज्याने स्वतः घेतलं त्या रझांना ‘भारताचे रोथको’ कुणी म्हणत नाही, कारण त्यांच्या चित्रात बिंदू आहे आणि बिंदूला तयार भारतीय अर्थ आहे. ज्यांनी मौन धरलं त्यांच्या गळ्यात मात्र ही माळ. चित्रकाराने आपला खुलासा केला नाही की त्याच्या वतीने दुसरा कुणीतरी करतो, हा नियम इथे अचूक लागू पडला.

मोहन सामंत हे नाव तर यादीतून गळूनच जातं. ते 1959 साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, पुढे 1968 पासून कायमचे तिथलेच झाले आणि 2004 साली तिथेच वारले. त्यांचंही चित्र मोमाने घेतलं आहे. रोथकोच्या शहरात, त्याच्याच काळात त्यांनी वर्षं काढली. आणि काय रंगवलं? वाळू आणि प्लॅस्टरचे जाडजूड उठाव, कापलेला कागद, तारा, गर्दी, विनोद. भूगोलाने चित्रकार घडतो असं म्हणणाऱ्यांनी सामंतांचं काय करायचं ते सांगावं. शिवाय 1967 साली ‘टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग’ हे मोमाने फिरतं पाठवलेलं प्रदर्शन दिल्लीला आलं, ललित कला अकादमीत भरलं. समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्गही त्यानिमित्ताने येऊन गेला. अनेक भारतीय चित्रकारांनी पोलॉकपासून वॉरहॉलपर्यंत सगळं तिथे पाहिलं. रोथकोंची फौज काही निर्माण झाली नाही.

गायतोंडे न्यूयॉर्कमध्ये कुणाच्या संगतीत होते याचा शोध घेतला तर चित्र आणखी साफ होतं. 1965 साली त्यांचं प्रदर्शन भरलं ते विलार्ड गॅलरीत. न्यूयॉर्कमधल्या प्रत्येक गॅलरीचा स्वभाव वेगळा होता. रोथको बेटी पार्सन्सकडे, मग सिडनी जॅनिसकडे आणि नंतर मार्लबरोकडे गेला. मेरियन विलार्ड यांची गॅलरी मात्र क्ले, मार्क टोबी आणि ग्रेव्हज यांची. 1940 साली क्ले वारला, तेव्हा न्यूयॉर्कमधलं त्याचं स्मृतिप्रदर्शन बुखहोल्झ आणि विलार्ड या दोन गॅलऱ्यांनी मिळून भरवलं होतं. टोबी 1934 साली क्योतोच्या झेन मठात राहून आला होता. चिनी मित्राकडून सुलेखन शिकला होता. त्याचं ‘व्हाइट रायटिंग’ म्हणजे ब्रशच्या बारीक पांढऱ्या लिपीचं जाळं, त्याच ओढीतून जन्मलं. ज्या भिंतीवर क्ले, टोबी आणि ग्रेव्हज टांगले गेले तिथे गायतोंडे टांगले गेले. अमेरिकेने त्यांना कोणत्या कुळात बसवलं होतं याचा हा त्या काळचा पुरावा आहे, आणि तो रोथकोकडे बोट दाखवत नाही.

या कुळाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. प्रभावाचा बाण नेहमी पश्चिमेकडूनच सुटतो असं आपण गृहीत धरतो, आणि इथे तो आधीच उलट दिशेने जाऊन आलेला आहे. डी. टी. सुझुकी 1950च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात झेनवर बोलत होते. संगीतकार जॉन केज त्यांच्या वर्गात बसत असे. गायतोंडे यांनाही झेनची ओढ होती, आणि जर्मन प्राध्यापक ऑयगेन हेरिगेल यांच्या धनुर्विद्येवरच्या पुस्तकाचा उल्लेख त्यांच्याबाबत वारंवार होतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2009 साली ‘द थर्ड माइंड’ हे प्रदर्शन भरवलं. 1860 ते 1989 या काळात अमेरिकन कलावंतांनी आशियाकडून काय घेतलं हा त्याचा विषय होता. अमेरिकेने आपल्या चित्रकारांवरचं आशियाचं ऋण मोजलं, आणि पाच वर्षांनी त्याच संग्रहालयात, 2014-15 साली, संधिनी पोद्दार यांनी गायतोंडे यांचं सिंहावलोकन मांडलं. त्यानंतरही आपण म्हणतो, हे त्यांचं घेतलेलं. अमेरिकन संग्रहालयांचा अभ्यास आपण त्यांच्याइतकाही गंभीरपणे वाचत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींना दोन शब्द. रोथको नको म्हटलं की ते खुशीत येतात आणि सांगतात, गायतोंडे म्हणजे शुद्ध भारतीय अध्यात्म, उपनिषदं, रमण महर्षी, ध्यान, शून्य. हा तर्कही तितकाच आळशी आहे, फक्त त्याला अगरबत्तीचा वास येतो. गायतोंडे यांनी क्ले उघडपणे घेतला. झेन जपानचा, तो बहुधा इंग्रजी पुस्तकांतून आला. उभ्या कॅनव्हासला रोथको जितका कारण असू शकतो तितकीच चिनी-जपानी लटकती चित्रपट्टी असू शकते. रमण महर्षींनी कुणाला रोलर फिरवायला शिकवलं नाही. गुगेनहाइमच्या प्रदर्शनाच्या नावात ‘प्रोसेस’ हा शब्द होता आणि तो मला अगदी योग्य वाटतो: या चित्रकाराचं तत्त्वज्ञान त्याच्या प्रक्रियेत आहे, प्रस्तावनेत नाही. दिल्लीतल्या 1984च्या अपघातात त्यांना दुखापत झाली, पुढे काही वर्षं मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा त्यांनी कागदावर लहान शाईचित्रं केली. ती पाहिली की सगळा वादच वेगळा दिसतो. रंग नाही, पारदर्शक थर नाहीत, उभी-आडवी क्षेत्रं नाहीत; फक्त शाईची खूण आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा. रोथकोचा लवलेशही त्यात नाही, आणि ती शंभर टक्के गायतोंडे आहेत.

मग ही उपमा का टिकते? कारण ती उपयोगी आहे. डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीजने मुंबईत पहिला लिलाव केला आणि 1979 सालचं गायतोंडे यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं. इतका पैसा लावणाऱ्या परदेशी ग्राहकाला अनोळखी नाव एका वाक्यात समजवायचं तर ओळखीचं नाव लागतं. विल्यम जोन्सने अठराव्या शतकात कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटलं तेव्हापासून ही सोय आपल्या अंगवळणी पडली आहे. दलालाने ती वापरावी, त्याचा तो धंदाच. अभ्यासकाने, कलाशिक्षकाने, पत्रकाराने तीच ओळ कॅटलॉगातून जशीच्या तशी उचलावी, हे मात्र मला खटकतं. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलाला रोथको कोण हे ठाऊक नसतं. त्याला गायतोंडे रोथकोमार्फत समजावून सांगणं म्हणजे शेजारच्या घरी नेऊन आपलं घर दाखवणं.

मंडन करायचं तर कामाची जागा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी जमवलेल्या संग्रहात गायतोंडे आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेल्या जहांगीर निकल्सन संग्रहात आहेत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. हार्वर्डने रोथकोच्या एका रंगद्रव्यासाठी प्रयोगशाळा कामाला लावली. आपल्याकडच्या कॅनव्हासचे थर, त्यांतली रंगद्रव्यं, रोलरचे माग, काढून घेतलेल्या रंगाचे ठसे यांचा तपशीलवार तांत्रिक अहवाल मराठी वाचकापर्यंत आजवर आलेला नाही. चित्राच्या मागच्या बाजूलाही बरंच लिहिलेलं असतं. गायतोंडे अनेकदा तिथे देवनागरीत सही करत, साल घालत. गॅलरीची लेबलं, प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, कधी जुना पत्ता. चित्र कुठून कुठे गेलं, कुणी कधी पाहिलं, हे त्या पाठीवरून वाचता येतं. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’मधून गायतोंडे यांच्या सहवासातल्या माणसांच्या आठवणी वर्षानुवर्षं जमवल्या, मराठीत या चित्रकारावर झालेलं सर्वांत मोलाचं काम ते आहे. आठवणींचं काम झालं, वस्तूंचं बाकी आहे.

म्हणून विनंती दोन ठिकाणी. ज्या संस्थांकडे त्यांची चित्रं आहेत त्यांनी प्रत्येक चित्राची पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची छायाचित्रं, माप, माध्यम, खरेदीचं साल आणि आधीच्या मालकीची नोंद खुली करावी. मोमा करतं तेवढं केलं तरी पुरे. आणि गिरगाव, नागपूर, गोवा किंवा पुण्यातल्या ज्या घरांत 1950 आणि 60च्या दशकातली प्रदर्शनांची निमंत्रणपत्रं, छापील कॅटलॉग, चित्रकारांची पोस्टकार्डं ट्रंकेत पडली असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एखाद्या कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दाखवावीत. 1961 सालच्या एका निमंत्रणपत्रावर छापलेलं काळं-पांढरं चित्रसुद्धा या वादात लिलावाच्या शंभर कॅटलॉगांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.